इयत्तेच्या रकान्याबाहेर

सप्टेंबर २०२१च्या अखेरीस माझ्या भावाने एका सरकारी कार्यालयात फोन केला होता. करोनामुळे बंद असलेले आठवी ते बारावीचे वर्ग मुंबईत ४ ऑक्टोबरपासून सुरू होणार, ही बातमी तोवर सगळ्या घरांत पोहोचली होती आणि आपल्या मुलीची शाळाही त्याच दिवशी उघडणार का, एवढेच त्याला विचारायचे होते. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने बोलत होते. त्यांनी विचारले, ‘मुलगी कितवीत आहे?’ दादा क्षणभर थांबला. माझी भाची तेव्हा तेरा वर्षांची होती आणि ती कितवीतच नव्हती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. तिच्या विशेष शाळेत मुलांचे गट असतात, आणि ज्याला जे जमते त्यावरून त्याचा गट ठरतो. दादाने तिच्या गटाचे नाव सांगितले. ‘म्हणजे सातवी धरायची की आठवी?’ गृहस्थांनी पुन्हा विचारले. त्यांना खरोखरच मदत करायची होती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते. पण त्यांच्यासमोरच्या परिपत्रकात सगळी मुले इयत्तांनी मोजलेली होती. शेवटी त्यांनी सांगितले की, तुमच्या शाळेचे खाते वेगळे आहे, तिथे चौकशी करा. शाळेत विचारले तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘आम्हाला आमच्या खात्याचे पत्र येईल तेव्हाच दार उघडता येईल.’

हे बोलणे मी शेजारी बसून ऐकत होते. त्यात कोणी उर्मट नव्हते, कोणी टाळाटाळही केली नव्हती. तरीही तो प्रश्न इतक्या वर्षांनंतर माझ्या मनातून जात नाही.

आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो, दादा-वहिनी खालच्या मजल्यावर आणि मी वरच्या. भाचीची शाळा शहराच्या जुन्या भागात आहे. म्हणजे तिचे घर मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि शाळा मुंबई शहर जिल्ह्यात. महापालिका दोन्हीकडे एकच. शेजारच्या महापालिका शाळेचा कारभार पालिकेच्या शिक्षण विभागाकडे आहे, खाजगी शाळांवर शालेय शिक्षण विभागाची देखरेख असते, आणि दिव्यांग मुलांच्या विशेष शाळा त्या काळात सामाजिक न्याय विभागाखाली, पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाच्या अखत्यारीत होत्या. एरवी या रचनेचा आम्हाला कधी त्रास झाला नाही. सकाळी साडेआठला बस यायची, वहिनी तिला उचलून पायऱ्या उतरायची, संध्याकाळी बस परत यायची. मधले तास कोणत्या खात्याचे, हे विचारण्याचे कारण नव्हते. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्या रचनेतल्या फटी दिसू लागल्या, कारण आता प्रत्येक गोष्टीला कोणाची तरी सही लागणार होती.

शाळा बंद होणे म्हणजे या मुलांचे काय बंद होणे, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे शासनाचे घोषवाक्य होते. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, शेजारची मुले मोबाइलवर दीक्षा ॲप उघडून बसायची. त्यांचेही हाल होत होते, पण पुस्तकातले काही ना काही तरी त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. भाचीच्या शाळेत मात्र पुस्तकाचा वाटा थोडा आणि हातांचा वाटा मोठा. तिथे फिजिओथेरपिस्ट तिचे पाय ताणून घ्यायच्या, ऑक्युपेशनल थेरपिस्ट चमचा धरायला शिकवायच्या, स्पीच थेरपिस्ट तिच्या ओठांना बोट लावून ‘प’ आणि ‘ब’ काढून घ्यायच्या. हे सगळे एका छताखाली आणि शाळेच्या वेळातच व्हायचे, म्हणून दादाची नोकरी आणि वहिनीचे शिवणकाम चालू शकत होते. त्या छताला कुलूप लागल्यावर शाळा, दवाखाना आणि पाळणाघर ही तिन्ही एकाच दिवशी बंद झाली.

स्प्लिंटचे उदाहरण सांगते, कारण त्यात सगळे आले. भाचीच्या दोन्ही पायांना गुडघ्याखाली प्लास्टिकचे स्प्लिंट घालावे लागतात. पोटरीचे स्नायू सतत आखडत असतात, टाच वर ओढली जाते, आणि ती खाली टेकलेली राहावी म्हणून हा आधार. तो बाजारात तयार मिळत नाही. पायाला ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळून आधी साचा घेतात, त्यावरून प्लास्टिक बेततात, मग मूल चार पावले टाकते तेव्हा कुठे घासते ते पाहून कडा तासतात. वाढत्या वयात तो वारंवार बदलावा लागतो. तिचे स्प्लिंट टाळेबंदीच्या थोडे आधी बनले होते. त्या पावसाळ्यात ती उंच झाली, पाऊल लांब झाले, आणि आतल्या बाजूच्या घोट्यावर लाल वळ दिसू लागला. वहिनीने जुन्या मोज्यांचे दुहेरी अस्तर लावले, वेलक्रोची पट्टी एक बोट सैल केली, कड उष्णतेने वाकते का तेही पाहिले. वळाची जखम झाली तेव्हा स्प्लिंट काढून ठेवावेच लागले. नव्याचे माप घेण्यासाठी कोणाच्या तरी हाताखाली तिचा पाय जायला हवा होता, आणि ज्या मोठ्या रुग्णालयात आम्ही जात असू तिथला तो विभाग करोनाच्या कामाला लागला होता. शाळेच्या थेरपिस्ट व्हिडिओवर यायच्या. वहिनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची, चटईवर भाचीला निजवायची, आणि पलीकडून सूचना यायच्या, ‘ताई, बोटे नका ओढू, टाच तळहातात धरा. आता गुडघा खाली दाबून ठेवा.’ वहिनी अगदी तशीच करायची. पण स्नायू कुठवर सैल होतोय आणि कुठे दुखायला लागतोय, हे त्या बाईंना पडद्यावरून कसे जाणवणार? टाच हळूहळू वर चढत गेली. पुढे शाळा सुरू झाल्यावर तिची तपासणी झाली, तेव्हा पहिल्यांदा शस्त्रक्रियेचा विषय निघाला.

ज्यांची ज्ञानेंद्रिये वेगळी, त्यांचे प्रश्नही वेगळे होते. आमच्या मागच्या इमारतीत एक कर्णबधिर मुलगा आहे, तो समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेतो. मुखपट्ट्या आल्यावर सगळे जग त्याच्यापुरते मुके झाले. दृष्टिहीन माणसाला रस्ता ओलांडताना कोणाचे तरी कोपर लागते आणि त्या दिवसांत कोपर द्यायला लोक धजावत नव्हते. पाठ्यपुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार दिल्लीत ऑक्टोबर २०२०मध्ये झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याचा लाभ मात्र आधीपासून ती भाषा येणाऱ्या मुलांनाच व्हायचा. जी मुले ती भाषा शाळेत, दुसऱ्या मुलांच्या हातांकडे पाहत शिकतात, त्यांनी ती एकट्याने घरात कोणाकडून शिकायची?

नोव्हेंबर २०२०मध्ये राज्य शासनाने नववी ते बारावीचे वर्ग २३ तारखेपासून उघडायला परवानगी दिली आणि अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. मला तो निर्णय तेव्हा योग्य वाटला आणि आजही वाटतो. गडचिरोलीतल्या पाड्याला आणि धारावीला एकच तारीख लावण्यात काहीच शहाणपण नव्हते. मुंबईच्या महापालिका आयुक्तांनी ३१ डिसेंबरपर्यंत शाळा बंदच ठेवायचे ठरवले. जानेवारीत राज्यात इतरत्र पाचवी ते आठवीचे वर्ग भरले, मुंबईत भरले नाहीत. त्या सावधगिरीलाही मी नावे ठेवणार नाही. ४ एप्रिल २०२१ रोजी या शहरात एका दिवसात ११ हजारांहून अधिक रुग्ण सापडले होते. आमच्या आवारातून त्या महिन्यात रुग्णवाहिकेचा आवाज येत नव्हता असा दिवस आठवत नाही. आयुक्तांना हा अधिकार देणाऱ्या कायद्यांपैकी एक, १८९७चा साथरोग कायदा, याच शहरात, मांडवीतून सुरू झालेल्या प्लेगमुळे आला. साथीत एका माणसाच्या हाती सूत्रे असावीत, ही कल्पना मुंबईला नवी नाही.

मला सतावते ते वेगळेच. ‘स्थानिक’ म्हणजे नेमके कुठवर? २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती, म्हणजे गोव्याच्या आठपटीहून जास्त. एवढ्या लोकांसाठी एका टेबलावरून निघालेला आदेश कायद्याच्या दृष्टीने स्थानिक असेल, पण माझ्या भाचीच्या दृष्टीने तो मंत्रालयाइतकाच लांबचा होता. आणि याच पालिकेने दाखवून दिले होते की अधिकार खाली नेता येतात. रुग्णालयातल्या खाटांचा गोंधळ माजला, तेव्हा जून २०२०मध्ये २४ प्रशासकीय विभागांमध्ये वॉर रूम उभ्या राहिल्या. भांडुपला आमच्या ‘एस’ विभागाची वॉर रूम होती. तिथून फोन यायचे, आजारी माणसाची ऑक्सिजन पातळी विचारली जायची, घरात संडास स्वतंत्र आहे का हेही विचारले जायचे. ज्या यंत्रणेला आमच्या संडासाची चौकशी करता आली, तिला घरात एखादे दिव्यांग मूल आहे का, त्याचे काय बंद पडले आहे, हे विचारणे अवघड नव्हते. जुलै २०२१मध्ये शासनाने करोनामुक्त गावांना आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायला मुभा दिली, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीने पालकांशी बोलून ठराव करायचा होता. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात सरपंच, मुख्याध्यापक आणि पालक समोरासमोर बसून ठरवत होते. मुंबईत असे बसायला जागाच नव्हती. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या दिल्या आहेत, त्यांत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावे लागतात. आमच्या आवारातल्या ज्या बायका शेजारच्या शाळेच्या समितीवर आहेत, त्यांनाही आदेश मोबाइलवरच कळायचा.

तरी स्थानिक म्हटले की सगळे आपोआप मायेचे होते, असे मी म्हणणार नाही, कारण त्याच काळात मी सर्वांत स्थानिक सत्ता पाहिली आहे. ती आमच्या सोसायटीच्या फाटकावर होती. मार्च अखेरीस कार्यकारिणीने दोरी बांधली आणि बाहेरच्या कोणालाही आत सोडायचे नाही असे ठरवले. भाचीला आंघोळ घालायला आणि भरवायला रोज टागोर नगरातून एक मावशी यायच्या. त्यांना फाटकावरून परत पाठवले. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २६ मार्च २०२० रोजीच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, दिव्यांग व्यक्तींच्या मदतनिसांना निर्बंधांतून सूट द्यावी, पास द्यावेत असे त्यांत होते. दादाने तो कागद छापून सेक्रेटरीकाकांना दिला. काकांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, ‘अरे, हे सगळे बरोबर आहे. पण उद्या पहिल्या मजल्यावरच्या आजींना काही झाले तर लोक मला विचारतील, दिल्लीला नाही विचारणार.’ ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांतली भीती मला दिसत होती. त्यांच्या घरी डायलिसिसवरची पत्नी होती. मावशींना आत यायला पावसाळा उजाडला, आणि तोपर्यंत वहिनीची कंबर कायमची दुखावली.

अधिकार वरून खाली येतो तेव्हा त्याच्याबरोबर कर्तव्यही खाली यायला हवे. सेक्रेटरीकाकांना फाटक बंद करण्याचा अधिकार मिळाला होता. कोणासाठी ते उघडलेच पाहिजे, हे सांगणारा कोणी त्यांच्या पाठीशी उभा नव्हता. आयुक्तांना तारखा ठरवण्याचा अधिकार मिळाला होता. शाळेवाचून ज्यांचे शरीरच मागे जाते अशा मुलांचा विचार आधी करा, अशी अट त्याला जोडलेली नव्हती. खरे तर कायदा ही अट सांगतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे आठवे कलम आपत्तीच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षण देते, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपल्या जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आमच्या घरी त्या दोन वर्षांत तापमान मोजायला माणसे आली, लसीची विचारणा झाली, भाचीची नोंद घ्यायला कोणीही आले नाही.

लसीच्या बाबतीत या शहराने काय करता येते तेही दाखवले. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालू होती, न्यायालय पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि २०२१च्या जुलैअखेर पालिकेने अंधेरी पूर्वेच्या विभागापासून घरोघरी लसीकरणाला सुरुवात केली. आमच्या समोरच्या इमारतीतल्या आजोबांना पलंगावरच लस मिळाली, परिचारिका अर्धा तास त्यांच्याजवळ बसून राहिली. ज्यांना केंद्रापर्यंत येता येत नाही त्यांच्याकडे आपण जायचे, एवढे एकदा मान्य झाल्यावर विभाग कार्यालयाने उरलेले सगळे जमवले. थेरपीसाठी, स्प्लिंटच्या मापासाठी, आठ-दहा मुलांच्या गटातल्या शाळेसाठी हेच तत्त्व लावता आले असते. विशेष शाळेत मुले मुळात कमी, खोल्या मोठ्या, पालक रोज दारात येणारे. चाळीस मुलांच्या वर्गाआधी असा गट आठवड्यातून दोन दिवस भरवून पाहणे जास्त धोक्याचे होते, असे मला तरी कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

भीती मात्र आम्हालाही होती.

भाचीच्या तोंडातून लाळ गळते, मुखपट्टी पाच मिनिटांत ओली होते. तिला भरवणाऱ्याला तिच्या तोंडाजवळ तोंड न्यावेच लागते. लहानपणी दोनदा न्यूमोनिया झालेला. इकडे तारखा येत होत्या आणि बदलत होत्या. १५ डिसेंबर २०२१ रोजी मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग भरले, ओमायक्रॉनमुळे जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ते पुन्हा बंद झाले, ७ जानेवारीला शहरात एका दिवसात २० हजार ९७१ रुग्ण नोंदले गेले, २४ तारखेला शाळा पुन्हा उघडल्या, आणि २ मार्च २०२२पासून पूर्ण क्षमतेने सुरू झाल्या. भाचीच्या शाळेतून शेवटी संमतिपत्र आले तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. पालकाने स्वतःच्या जबाबदारीवर पाल्यास पाठवत असल्याचे त्यात लिहून द्यायचे होते. दादाला लगेच सही करायची होती. वहिनी म्हणाली, ‘दोन वर्षे कोणी काही विचारले नाही, आणि आता सगळी जबाबदारी माझी?’ मग ती बराच वेळ बोलली नाही. भाजी निवडत राहिली. मेथीची पाने आणि देठ तिने नेहमीपेक्षा जास्त काळजीने वेगळे केले. मला दोघांचेही पटत होते. मुलाला पाठवायचे की नाही हा निर्णय अखेर आईबापांचाच असायला हवा, आणि तरी त्या कागदात काहीतरी अन्यायाचे होते, कारण शाळेत ऑक्सिमीटर आहे का, बसमध्ये किती मुले असतील, भरवणाऱ्या ताईंना लस मिळाली आहे का, यांपैकी एकही गोष्ट त्यात शाळेच्या किंवा शासनाच्या बाजूने लिहिलेली नव्हती. वहिनीने शाळेत फोन करून हे सगळे प्रश्न विचारले. मुख्याध्यापिकाबाईंनी एकेकाचे उत्तर दिले, ज्याचे नव्हते ते दोन दिवसांत शोधून कळवले. मग वहिनीने सही केली. संपूर्ण दोन वर्षांत खरी स्थानिक म्हणता येईल अशी हीच एक वाटाघाट मी पाहिली: मुलीला ओळखणारी दोन माणसे एकमेकींना प्रश्न विचारत होती.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. डिसेंबर २०२२मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. आता निदान पत्र कोणाकडून यायचे हे ठाऊक आहे. पण पुण्याहून किंवा मंत्रालयातून निघणारे पत्र आणि भांडुपच्या विभाग कार्यालयातला माणूस यांची गाठ कुठे पडणार, हे अजून ठरलेले नाही. पालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी, मुंबईच्या शाळा पूर्णपणे उघडल्यावर अवघ्या पाच दिवसांनी संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ज्यांना वॉर्डात गाठून हा प्रश्न विचारता आला असता ती माणसे नेमकी तेव्हाच पदावर राहिली नाहीत.

भाची आता अठरा वर्षांची होते आहे. कायद्याने तिला मोफत शिक्षणाचा हक्क आहे तो अठराव्या वर्षापर्यंत, आणि शाळेने सांगितले आहे की, त्यानंतर तिचे नाव पटावर ठेवता येणार नाही. तिच्या शिक्षणाच्या मोजक्या वर्षांपैकी दोन वर्षे घरात गेली, आणि त्यांतच चमच्याने स्वतः जेवण्याची तिची तयारी अर्ध्यावर राहिली. करोनामुळे भरती रखडली म्हणून राज्य शासनाने मार्च २०२३मध्ये नोकरीच्या उमेदवारांना वयोमर्यादेत दोन वर्षांची सवलत दिली होती. त्या शासन निर्णयाची प्रत जोडून दादाने दिव्यांग कल्याण विभागाकडे अर्ज दिला आहे की, साथीच्या काळात विशेष शाळेच्या पटावर असलेल्या प्रत्येक मुलाला अठरानंतर आणखी दोन वर्षे शाळेत राहू द्यावे. अर्जाच्या छापील नमुन्यात ‘इयत्ता’ असा रकाना होता. तिथे दादाने गटाचे नाव लिहिले, आणि त्याखाली वहिनीने स्वतःच्या अक्षरात जोडले: जेवण, पाऊल टाकणे आणि बोलणे शिकत आहे, अजून पूर्ण झालेले नाही.